कांडीतला तांबडा ठिपका

टोमॅटोच्या रोपाला हात लावायच्या आधी हात दुधात बुडवा, असं सांगणारा माणूस समुद्रापारच्या आमच्या कांप दे मास्क गावात पहिल्यांदा आला तेव्हा माझे सासरे त्याच्या अंगावर धावून गेले होते.

आमच्या घरामागं पोम दामूरचं रान होतं. टोमॅटोला इथं सगळे पोम दामूरच म्हणतात. त्या वर्षी रोपांची पानं आकसून नेच्याच्या पानांसारखी बारीक झाली होती आणि फळ सुपारीएवढं होऊन थांबत होतं. कुणीतरी शेतकी खात्यात कळवलं आणि एका ढगाळ सकाळी हे गृहस्थ सायकलवरून आले. खाकी अर्धी विजार, गुडघ्यापर्यंत मोजे, सायकलच्या दांडीला बांधलेली काळी छत्री आणि कमरेला झाकणाचा एक पत्र्याचा डबा. आपलेच, मराठी माणूस. घर रोझ बेलला. पिकांवरचे रोग ओळखायचं काम करायचे. गाव त्यांना काका म्हणायचं, मीही काकाच म्हणते.

पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं, तरी त्यांनी छत्री उघडली आणि एका रोपावर धरली. स्वतः वाकून पान बघत बसले. मी वाफ्यात उभी होते. मान वर न करता मला विचारलं, "सूनबाय, की कुलेर?"

म्हणजे, कुठला रंग? मला वाटलं, शहाणा माणूस माझी परीक्षा घेतोय. म्हटलं, "दोन रंग हायत. एक हिरवा गडद, एक फिका. गोधडीला ठिगळं लावल्यासारखे."

"पयलं कुठं दिसलं?"

"तिकडं, वाटेच्या कोपऱ्याला. मामंजी तिथं बसून तंबाखू वळतात आणि बसल्या बसल्या रोपांचे फुटवे खुडतात. तिथनं ओळीओळीनं आत आलं."

आता त्यांनी मान वर केली. "हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाय. रोज बघते."

त्यांनी शेजारच्या भोजपुरी बाईकडून तांब्याभर दूध आणलं, परातीत ओतलं, आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "बाबा, हात घाला. तंबाखूच्या पानात हीच मालादी, हाच रोग असतो. ती बोटाला लागते, बोटाची झाडाला लागते. दुधानं ती बोटावरच मरते."

सासरे उठले ते परात लाथाडायलाच. "पोरांच्या तोंडचं दूध झाडाला? कोण तुम्ही? आलेऽऽ!" आले म्हणजे चालते व्हा.

काका हलले नाहीत. आपलेच हात दुधात बुडवून त्यांनी रोगट रोपं एकेक करून उपटली, पोत्यात भरली, आणि पोतं सायकलला बांधून घेऊन गेले. पुढच्या लावणीला मी सासऱ्यांना वाफ्याबाहेर बसवलं आणि परात ठेवली. त्या हंगामात फळं मुठीएवढी झाली. सासऱ्यांनी कधी कबूल केलं नाही. पण तंबाखू वळून झाली की स्वतःच विहिरीवर जाऊन साबणानं हात धुवायचे, हे मी पाहिलं आहे.

त्या हंगामानंतर महिन्याभरानं काका पुन्हा आले ते मला कामावर मागायला. बेण्याच्या उसाची पाहणी करणारी बायकांची एक टोळी होती. लागणीसाठी राखलेल्या उसात फिरायचं आणि रोगट बेट दिसलं की खूण करायची, असं ते काम. नवऱ्याचं तोंड उतरलं. "बायको साहेबाच्या छत्रीखाली फिरणार?" तो मला आत म्हणाला, पण ओसरीवर ऐकू गेलं. काका माझ्या सासूबाईंना म्हणाले, "आजी, माझी छत्री बघा. ती फक्त पानावर उघडते. मी स्वतः पावसात भिजतो." सासूबाई हसल्या. झालं, मी कामाला लागले. लग्न होऊन आठ वर्षं झाली होती. घराबाहेरचं माझं पहिलं काम ते.

त्या छत्रीचं कारण मला नंतर कळलं. "उन्हात पान खोटं बोलतं," असं ते म्हणायचे. झळझळीत उजेडात फिकट डाग दिसत नाहीत, सावलीत दिसतात. त्यांच्याइतक्या झटकन पानावरचा डाग हेरणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. आम्ही चार चार वेळा ज्या ओळीतून गेलो असू, तिच्यात ते शिरायचे आणि काठीनं एकच बेट दाखवायचे. तिथं डाग असायचाच.

त्यांच्याजवळ दोन सुऱ्या असत. एक हातात, दुसरी कमरेच्या डब्यात, औषधी पाण्यात बुडालेली. एक ऊस कापला की सुरी डब्यात, डब्यातली हातात. दिवसभर, न चुकता. घरीसुद्धा. त्यांच्या बायकोनं मला एकदा सांगितलं, "अगो बाय, आमच्याकडं पावालासुद्धा औषधाचा वास. पाव कापतो, सुरी बुडवतो, मग दुसरा पाव कापतो. मी म्हटलं, पावाला काय रोग होणार? तर म्हणतो, हाताला सवय एकच असावी."

आणि त्यांचा तो नियम: निरोगी आधी, रोगी नंतर. सकाळी चांगल्या रानात जायचं, संशयाचं रान दुपारनंतर, आणि तिथून परत कुठल्याही रानात पाऊल टाकायचं नाही, सरळ घरी. रानाचा हा नियम ते माणसांनाही लावत. एका लग्नात जेवणाची पंगत बसलेली असताना ते मांडवाच्या दारात उभे. आत येईनात. यजमान बोलवायला गेले, तर म्हणाले, "वाटेत एका आजारी माणसाला भेटून आलोय. उलटा क्रम झाला. मी बाहेरच जेवतो." आणि खरंच फणसाच्या झाडाखाली केळीच्या पानावर एकटे जेवले. नवरी तिथंच येऊन त्यांच्या पाया पडली.

लोक हसायचे. मीही हसायचे. पण त्यांच्या टोळीतली एकही बाई कधी त्यांच्या तोंडून वाकडा शब्द ऐकून घरी गेली नाही. इस्टेटीवरच्या सरदाराच्या, म्हणजे मुकादमाच्या हाताखाली ज्यांनी कामं केली आहेत, त्यांना याची किंमत विचारा.

त्या काळात उसावर एक नवीनच दुखणं आलं होतं. पुढं कळलं की तो व्हायरस नव्हताच, दुसरा जंतू होता. पण तेव्हा मोठमोठे शास्त्रज्ञही व्हायरसच म्हणत. या रोगाची गंमत अशी की वरून काहीच दिसत नाही. पान हिरवं, ऊस सरळ. मात्र पहिली तोड झाली की त्याच बुंध्यातून जो खोडवा फुटतो तो खुजा राहतो. पुढच्या वर्षी आणखी खुजा. छोट्या शेतकऱ्याला वाटतं जमीन थकली. ओळखायची खूण एकच. पिकल्या उसाचं खालचं पेर सुरीनं तासायचं. रोग असेल तर सांध्यापाशी बारीक ठिपके दिसतात, स्वल्पविरामाएवढे, तांबूस नारिंगी.

त्यावर उपाय गरम पाण्याचा. कार्तिए मिलितेरच्या रस्त्यावर एका शेडमध्ये लोखंडी टाकी होती. बेण्याच्या कांड्या जाळीच्या पिंजऱ्यात घालून टाकीत सोडायच्या. पन्नास अंश, दोन तास. "दोन अंश वर गेलं तर कांडीचा डोळा मरतो, दोन अंश खाली आलं तर रोग जगतो," काका सांगायचे. त्या दोन तासांत ते स्टुलावर बसून थर्मामीटरकडे बघत. बोलत नसत, चहा घेत नसत. एकदा ग्रां मिस्ये, म्हणजे खात्याचे मोठे साहेब, पाहुण्यांना घेऊन आले. काका उठले नाहीत. साहेबांनी हात पुढं केला. काका थर्मामीटरवरची नजर न काढता म्हणाले, "चाळीस मिनिटं थांबा, मिस्ये, मग भेटतो." पाहुणे चाळीस मिनिटं थांबले.

टाकीतून निघालेलं बेणं आमच्या गावाबाहेरच्या रोपवाटिकेत लावायचं, वाढवायचं, आणि काकांनी तपासून 'शुद्ध' म्हटलं की छोट्या शेतकऱ्यांना वाटायचं. ही कांडी तासून बघायची तपासणी ते एकटेच करत. आम्ही ऊस तोडून द्यायचा, ते तासायचे, बघायचे, मान हलवायचे. मधूनच एखादीला जवळ बोलावून विचारत, "की कुलेर?" ती म्हणे, "पांढरा." ते म्हणत, "शाबास." आम्हाला वाटायचं, शिकवतायत.

एका वर्षी ते बेणं चौदा घरांत गेलं. आमच्याही. माझ्या नवऱ्यानं घराजवळच्या उताराच्या तुकड्यात लावलं. वर्षभरानं ऊस उभा राहिला, छान राहिला. तोडीच्या आधी एका दुपारी मी सहज, हात शिवशिवतात म्हणून, एक ऊस मुळाशी तोडला आणि खालचं पेर तासलं.

ठिपके होते.

मला वाटलं, माती लागली असेल. पुसलं. दुसरा ऊस तोडला, तिसरा तोडला. प्रत्येक सांध्यापाशी ते नारिंगी स्वल्पविराम.  काकांनी हे बेणं शुद्ध म्हटलं होतं. त्यांची चूक मी दाखवायची? दाखवली तर त्यांची नोकरी जाईल, आणि पाठोपाठ माझी. नाही दाखवली तर चौदा घरांचा खोडवा बसेल. नवरा म्हणाला, "गप ऱ्हा. आपल्याला कोण विचारतंय?" मी दोन दिवस गप्प राहिले. ते दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तासलेली कांडी ओल्या फडक्यात गुंडाळून मी रोपवाटिकेवर गेले.

काकांनी कांडी हातात घेतली. छत्री उघडली, सावली केली. खूप वेळ बघितलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "सूनबाय, की कुलेर?"

"तांबडे ठिपके हायत, काका. नारिंगी म्हणा."

"किती?"

"या सांध्याला नऊ-धा."

ते बांधावर बसले. छत्री मिटून बाजूला ठेवली. मला वाटलं रागावले. पण ते शांतपणे म्हणाले, "मला एकपण दिसत नाय."

मी बोटानं एकेक ठिपका दाखवला.

"लाल रंग मला दिसत नाय, पोरी. जन्मापासून. पिकलं पोम दामूर आणि कच्चं पोम दामूर मला सारखंच. आईला ठाऊक होतं, आता बायकोला ठाऊक हाय. पानावरचं काम मला जमतं, तिथं गडद-फिकं बघायचं असतं, ते मला तुमच्याहून बरं दिसतं. पण हा रोग आला आणि त्याची खूण निघाली तांबडी. मी म्हटलं, जागा पाठ करू, आकार पाठ करू, बायकांना मधनंमधनं विचारू, निभेल. नाय निभलं."

म्हणजे इतकी वर्षं तो प्रश्न शिकवण्याचा नव्हता. ते खरंच विचारत होते.

मी म्हटलं, "काका, कुणाला कळायचं नाय. यापुढं मी बघत जाईन, तुम्ही मान हलवा."

"कुणाला कळायचं नाय," ते म्हणाले, "पण रोगाला कळलंय ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खात्यात गेले आणि मोठ्या साहेबांसमोर सगळं सांगून आले. पुढं शोध घेतला तेव्हा कळलं की बेणं तोडताना एका गड्यानं शेजारच्या रानातला कोयता न धुता वापरला होता. साहेब म्हणाले, मग दोष त्या गड्याचा. काका म्हणाले, "कोयत्याची चूक पकडायलाच मला ठेवलंय." आणि तिथून ते शेतकऱ्यांकडं निघाले. मला म्हणाले, "तू चल. लोकांना ठिपके दाखवायला डोळे लागतील."

चौदा घरं आम्ही चार दिवसांत पायाखाली घातली. काही आमच्या गावात, बाकीची कार्तिए मिलितेरकडं आणि थेट रोझ बेलपर्यंत. प्रत्येक दारात तेच. मी ऊस तासून दाखवायचे आणि ते सांगायचे, कधी मराठीत, कधी इथल्या क्रेओल बोलीत, "हे बेणं मी शुद्ध म्हटलं. ते शुद्ध नव्हतं. चूक माझी हाय. मला लाल दिसत नाय आणि ते मी लपवलं. हा ऊस गिरणीला घाला, बेण्याला वापरू नका, खोडवा ठेवू नका. नवीन बेणं मी आणून देईन."

कार्तिए मिलितेरजवळ एक शेतकरी भडकला. "आंधळ्याला आमच्या रानात धाडलं कुणी? तीन वर्षं खोडवा घेईन म्हणून मी बैल विकून लावण केली!" तो शिव्या देत राहिला आणि काका उन्हात, टोपी हातात घेऊन, उभे राहिले. तो थकून थांबला तेव्हा काका म्हणाले, "आणखी काय असंल तर बोला. मी हाय." तो मटकन उंबऱ्यावर बसला. काकाही त्याच्या शेजारी बसले.  मग त्या माणसानं विचारलं, "नवीन बेणं कधी मिळंल?"

रोझ बेलला एका भोजपुरी म्हातारीचं घर होतं, काकांच्याच शेजारातलं. विधवा बाई, तुकडाभर रान. तिनं सगळं ऐकून घेतलं, डोक्यावरची ओढणी पुढं ओढून विचारलं, "हमार ओढनी कवन रंग के बा?"

काकांनी नीट बघितलं. "काळपट हिरवी."

ती ओढणी जास्वंदीसारखी लाल होती. म्हातारी हसायला लागली ती थांबेचना. मग काकाही हसले. त्या चार दिवसांत तेवढंच.

खात्यात मोठ्या साहेबांनी ठरवलं की काकांना टेबलावरचं काम द्यायचं. काकांनी मान्य केलं, पण एक अट घातली. कांडी तपासायचं काम मला द्यावं, टोळीतली मजूर म्हणून नव्हे, तपासनीस म्हणून. साहेब म्हणाले, "तिला इंग्रजी येत नाही. रिपोर्ट कोण लिहिणार?"

"ती बघेल, ती सांगेल, मी लिहीन. खाली दोघांची सही."

"तिची सही कुठल्या लिपीत?"

"तिला येते त्या लिपीत."

गावच्या बैठकेत, म्हणजे संध्याकाळच्या शाळेत, मी लहानपणी मुळाक्षरं शिकले होते. तेवढ्या शिदोरीवर इंग्रजी रिपोर्टाखाली माझं नाव देवनागरीत लागलं. पहिल्या सहीत माझा अनुस्वार दुसऱ्याच अक्षरावर पडला. काकांनी तो कागद तसाच पुढं धाडला. पुढं दर आठवड्याला ते मला एक इंग्रजी शब्द द्यायचे. दोन वर्षांनी रिपोर्ट मीच लिहायला लागले.

नवीन बेणं टाकीतून निघालं तेव्हा टेबलावरचे काका रजा काढून स्टुलावर येऊन बसले होते. चौदाही घरांत ते पोचलं. ज्यानं शिव्या दिल्या होत्या त्याच्या रानात मी दुसऱ्या खोडव्याच्या वेळी गेले. ऊस माझ्या डोक्याच्या वर दोन हात होता. त्यानं मला न विचारता एक ऊस तोडला, तासला आणि पेर पुढं केलं. स्वच्छ, पांढरं. म्हणाला, "तुमच्या काकांना सांगा." मी सांगितलं. काका म्हणाले, "त्या दिवशी तो तसा बोलला नसता तर मला बरं वाटलं नसतं. जो बोलतो तो दारात परत येऊ देतो."

इथला आमचा देश स्वतंत्र झाला त्या वर्षी ते निवृत्त झाले होते. गावात नवा झेंडा लागला, लाल, निळा, पिवळा, हिरवा. आम्ही सगळे मान वर करून बघत होतो. ते माझ्या कानाशी म्हणाले, "दोन पट्टे मला दिसतात. दोन तुमच्या भरवशावर."

पुढं चार-पाच वर्षांनी ते गेले. मी तोवर एकटीनं रोपवाटिका तपासत होते आणि माझा शब्द चालत होता. त्यांच्या पाठीमागं मला लोक मान द्यायला लागले, आणि मान मिळाला की माणूस थोडा सैल होतो. एका पावसाळी आठवड्यात माझी धाकटी मुलगी तापानं फणफणली होती आणि मी अर्ध्या मनानं एका रानातून फिरून आले. पानावर पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक पांढरी रेघ असते, तो वेगळाच रोग. ती मी बघायला हवी होती. बघितली नाही. शुद्ध म्हणून सही केली. तीन महिन्यांनी ती रेघ ज्याच्या रानात उतरली तो एक तरुण माणूस होता, नुकतं लग्न झालेला, स्वतःची पहिली लावण केलेला.

खात्यात कुणाला पत्ता नव्हता. पाऊस, वारा, शेजारचं रान, दोष द्यायला पुष्कळ जागा होती. मी बसमधनं उतरले, त्याच्या दारात गेले. तो बायकोबरोबर शेंगा सोलत बसला होता. "या ना, बाय," म्हणून उठला.

मी बसले नाही. म्हटलं, "तुझं बेणं मी तपासलं होतं. माझी नजर चुकली. चूक माझी हाय."

त्यानं बायकोकडं बघितलं, मग रानाकडं. तोंड काळवंडलं. मी उभी राहिले. बोलला असता तर ऐकून घेतलं असतं, शिव्या दिल्या असत्या तरी. कसं उभं राहायचं हे मला माहीत होतं. चार दिवस मी एका माणसाच्या शेजारी उभी राहून ते शिकले होते.

त्यानं हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. "आता काय करायचं," तो म्हणाला, "ते सांगा."

मग आम्ही दोघं रानात गेलो.